भातो खंय?

माझ्या लॅपटॉपवर दोनशेच्या वर प्लगइन्स आहेत आणि एकही पूर्ण झालेलं गाणं नाही. हे वाचून तुम्हाला कसंनुसं झालं असेल, तर तुम्हीही रात्री अकरानंतर हेडफोन लावून बसणाऱ्यांपैकी आहात. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो.

दिवसा मी पुण्यात एका कंपनीसाठी बॅकएंडचं काम करतो. रात्री रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडतो. या सॉफ्टवेअरच्या पोटात आणखी छोटी सॉफ्टवेअर्स बसवता येतात, तीच ही प्लगइन्स. कुणी आवाज घुमवतं, कुणी दाबतं, कुणी सूर सरळ करतं. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने आपल्या क्युबेसमध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली, आणि १९९९ साली तिच्या पुढच्या आवृत्तीत वाद्यंसुद्धा प्लगइन म्हणून बसवता येऊ लागली. त्यामुळे हिंजवडीजवळच्या वन बीएचकेत, गादीवर मांडी घालून, मी चेलो वाजवू शकतो. चेलो मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

यातली बरीचशी वाद्यं सॅम्पल्सवर चालतात. कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, हळू वाजवलेला वेगळा, जोरात वाजवलेला वेगळा. आपण छोट्या कीबोर्डवर पट्टी दाबली की कीबोर्ड आवाज पाठवत नाही, फक्त आकडे पाठवतो. कुठली पट्टी, किती जोरात. हे आकडे पाठवायची भाषा म्हणजे मिडी. ती १९८३ सालची आहे, माझ्यापेक्षा बरीच मोठी, आणि तिच्यात जोर मोजायचा तो ० ते १२७ या आकड्यांत. कुठल्याही माणसाच्या बोटातलं जे काही असेल ते या १२८ पायऱ्यांत बसवायचं.

मला हे सगळं फार आवडायचं. सेल लागला की प्लगइन घ्यायचं, दोन रात्री त्यातले आवाज चाळायचे, आठ मात्रांचा एक तुकडा करायचा, सेव्ह करायचा. फाइलचं नाव 'नवीन आयडिया फायनल २'. असे तुकडे साठत गेले. गाणं पूर्ण करायचं तर ते कुणासाठी तरी करावं लागतं आणि माझ्यासमोर कुणीच नव्हतं.

बाबांना यातलं काही सांगायची वेळ आली नव्हती. त्यांच्याकडे पेटी होती.

*

बाबा एसटीत कंडक्टर होते. गाव कणकवलीजवळ. आयुष्यभर तिकिटं फाडली आणि उरलेल्या वेळात भजन केलं. आमच्याकडे भजनात बुवा स्वतःच पेटी वाजवतो आणि स्वतःच गातो. शेजारी पखवाज, मागे झांजा आणि कोरस. डबलबारीला गर्दी खेचणारे मोठे बुवा वेगळे. बाबा वाडीचे बुवा. गणपतीत घरोघरी जाऊन भजनं करायची, मिळेल तिथे चहा आणि उसळ घ्यायची, पहाटे घरी यायचं. पट्टी बहुतेक काळी चार. एवढ्या उंच पट्टीत त्यांचा आवाज रात्री दोनला कसा टिकायचा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. आईला वाटलं, चटका बसला. मग तिने त्यांचं तोंड पाहिलं.

डावी बाजू गेली होती. आधी कणकवली, तिथून कोल्हापूर. मी रात्रीच्या बसने पोचलो तेव्हा ते बोलत होते, पण शब्द ओले झाल्यासारखे येत होते. पुढच्या तीन महिन्यांत बोलणं सुधारलं. काठी घेऊन चालू लागले. डावा हात मात्र मागे राहिला. बोटं आत वळलेली, मनगट जड. उजवा हात पहिल्यासारखा होता.

पेटी हे दोन हातांचं वाद्य आहे, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. लहानपणापासून मी पाहत आलो तो त्यांचा उजवा हात. पट्ट्यांवरून पळणारा. डावा हात पाठीमागे भाता मारायचा आणि तिकडे कुणीच बघायचं नाही.

शिमग्याच्या सुमारास मंडळींनी घरी येऊन एक प्रयोग केला. चुलतभाऊ पलीकडे बसून भाता मारणार, बाबा वाजवणार. दहा मिनिटं चाललं. चुलतभावाचा हात दणकट, एका लयीत, पंप मारल्यासारखा. बाबांनी एक ओळ वाजवली, दुसरी वाजवली, मग उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आज बस झाला." कुणी काही बोललं नाही. पेटी कोपऱ्यात गेली आणि आईने तिच्यावर जुनं लुगडं टाकलं.

मी पुण्याला परतताना बसमध्ये एकच विचार करत होतो. भाता नसलेली पेटी तर माझ्याकडे आहे. लॅपटॉपमध्ये. एका हाताने वाजते.

*

एप्रिलमध्ये मी घरून काम करायची परवानगी काढली आणि ४९ पट्ट्यांचा सेकंडहँड मिडी कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस आणि एक स्पीकर घेऊन गावी आलो. हार्मोनिअमची एक लायब्ररी विकत घेतली होती. डेमो ऐकून मी खूश होतो. व्हरांड्यात सगळं मांडलं, बाबांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, वाजवा.

त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं. मग डावीकडे वाकून त्याच्या मागे पाहिलं.

"भातो खंय?"

मी म्हटलं, "भात्याची गरज नाही यात."

त्यांनी सा लावला. लगेच मान हलवली. "सूर मागसून येता. बोटाबरोबर येऊक व्हयो."

हे मला सोडवता येण्यासारखं होतं, म्हणून मला बरं वाटलं. आवाज लॅपटॉपमधून बाहेर पडताना बफर नावाच्या टोपलीतून जातो. टोपली भरली की रिकामी होते. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने ५१२ नमुन्यांची टोपली भरायला जवळजवळ ११ मिलिसेकंद लागतात. त्यात बाकीच्या वाटेतला उशीर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे नुसत्या बफरमुळेच बाबांची पेटी त्यांच्यापासून साडेतीन मीटर लांब, अंगणाच्या पायरीवर जाऊन बसली होती. मी ड्रायव्हर बदलला, बफर १२८ वर आणला. पेटी एका मीटरच्या आत आली. बाबा म्हणाले, "आता बरा."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, मीच ऐकली. ते वाजवताना मधलाच एखादा सूर दणकन मोठा यायचा, एखादा बुडायचा. थोड्या वेळाने कळलं. लायब्ररीने पट्टीचा जोर आवाजाला जोडला होता, पियानोसारखा. पण पेटीची पट्टी म्हणजे नुसती झडप. ती हळू दाबा की आपटा, खालचं भोक उघडतं तेवढंच. आवाज मोठा होतो तो हवेने. चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाच्या बोटांना जोर सांभाळायची सवयच नव्हती, कारण ते काम त्यांच्या डाव्या हाताचं होतं.

मी तो जोर बंद केला. सगळे सूर एकसारखे झाले. बाबांनी एक अख्खा अभंग वाजवला. एकही सूर चुकला नाही. वाजवून झाल्यावर म्हणाले, "चांगला असा ह्यां." पाहुण्यांच्या घरचं जेवण जेवल्यावर ते याच आवाजात असं म्हणतात.

*

पुण्यातल्या एका मित्राला मी हे फोनवर सांगितलं. तो शास्त्रीय गातो. म्हणाला, "अरे, खऱ्या वाद्याची सर कशी येईल? जीव नसतो त्यात."

गंमत अशी की हेच वाक्य एकेकाळी पेटीला ऐकावं लागलं होतं. हार्मोनिअमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांदर दबॅं यांनी घेतलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य इथे आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातपेटी घडवली. पुढे ते इतकं पसरलं की गाणाऱ्यांतल्या जाणत्यांना धास्ती वाटू लागली. मींड काढता येत नाही, श्रुती पक्क्या ठोकलेल्या, हे कसलं आपलं वाद्य? १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली उठू लागली, तीही एकदम नाही. एवढी वर्षं रेडिओवर जे वाद्य चालत नव्हतं, त्यावर इकडे वाडीवाडीत विठ्ठल उभा राहत होता.

हे मी मित्राला ऐकवलं आणि वाद जिंकला. फोन ठेवल्यावर मात्र बाबांचा तो 'चांगला असा' डोक्यातून जाईना. जीव नाही म्हणजे नेमकं काय नाही? माझ्या धंद्यात अशी तक्रार आली की आपण विचारतो, कुठल्या पायरीवर, कधी, पुन्हा करून दाखवा.

मग मी बाबांच्या जुन्या भजनांची फोनवर केलेली रेकॉर्डिंग्ज काढली. आवाज फाटलेला, झांजा डोक्यावर बसलेल्या. पण हेडफोन लावून फक्त पेटीकडे लक्ष दिलं तेव्हा पहिल्यांदा डावा हात ऐकू आला. ओळ संपताना ते भाता थांबवायचे. हवा उरेल तेवढीच सुरात. सूर बारीक होत जायचा, गाणाऱ्याचा दम संपावा तसा, आणि अगदी विझायच्या आत एक झटका, की समेवर पुढची ओळ उभी. चुलतभावाच्या हाताने नेमका तोच खड्डा भरून टाकला होता. माझ्या लायब्ररीनेही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. बाबा शेजारी बसून स्क्रू कुठले काढायचे ते सांगत होते. आत दोन भाते असतात हे तेव्हा कळलं. बाहेरचा आपण मारतो तो. आत, तळाशी, स्प्रिंगवर बसलेला दुसरा. बाहेरचा हवा भरतो, आतला ती साठवून दाबून ठेवतो. म्हणून हात क्षणभर थांबला तरी सूर थांबत नाही. एका बाजूने भरत राहायचं, दुसऱ्या बाजूने खर्च, मध्ये टाकी. आम्ही ऑफिसात याला रांग म्हणतो आणि मी पोटासाठी तेच लिहितो.

*

ठरवलं की पेटी हीच घ्यायची. विकतची नको.

मे महिना. माजघरात दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, एक माइक. दिवसा शक्यच नव्हतं. कावळे, मिक्सर, शेजारचा टीव्ही. रात्री एक ते चार, रातकिडे आणि लांबून जाणारी कोकण रेल्वेची मालगाडी सोडली, तर शांत. पट्ट्या ४२. प्रत्येक पट्टी तीन दाबांत, हलका, मध्यम, भरलेला. प्रत्येकाचे दोन नमुने, म्हणजे तोच सूर लागोपाठ वाजला तरी शिक्का मारल्यासारखा वाटत नाही. एकूण २५२.

पट्ट्या मी दाबायच्या, पण भाता कोण मारणार? मी दोन्ही करून पाहिलं. माझा हात चुलतभावापेक्षाही वाईट. आठ सेकंद एकच दाब धरता येईना. आई दारात उभी होती, झोप नव्हतीच तिला.

"मी मारू? नुसतो भातोच मारूचो ना?"

आईने आयुष्यात पेटीला हात लावला होता तो फक्त पुसायला. ती बसली, डावा हात मागे घातला आणि भाता ओढला. मीटरवरची रेष सरळ राहिली. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "काय झाला? चुकला?"

चाळीस वर्षं त्या हाताकडे कुणीतरी बघत होतं तर.

एकच अडचण आली. बांगड्या. भाता हलला की किणकिण. एरवी मी म्हटलं असतं, काढून ठेव. त्या दिवसांत तिला ते सांगणं मला जमलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. उठून बाबांचा रुमाल आणला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि घट्ट बांधल्या. तीन रात्री आम्ही घामाने निथळत बसलो. पलीकडच्या खोलीत बाबा जागे असायचे. मध्येच आवाज यायचा, "मध्यम परत घे, हलल्यानी."

पुण्याला गेल्यावर नमुने कापायला दोन आठवडे लागले. सुरुवातीला मी शहाणपणा केला. सूर सरळ करणारं प्लगइन लावून सगळी पेटी मापात आणली. ऐकलं तर ती कुठल्याही दुकानातली पेटी झाली होती. या पेटीत खर्जाचा आणि नराचा असे दोन सूर एकत्र बोलतात आणि ते एकमेकांशी केसभर भांडतात. त्या भांडणाचा जो थरथराट असतो तो मी पुसून टाकला होता. कंट्रोल झेड. पालीताण्याच्या पितळी पट्ट्या जशा झिजल्या होत्या तशाच राहू दिल्या. सगळं मिळून तीनशे एमबीच्या आत. ते एसएफझेड नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत मांडलं आणि फुकट मिळणाऱ्या सॅम्पलरमध्ये टाकलं. हवेचा आकडा वाढेल तसा हलका नमुना मध्यमात आणि मध्यम भरलेल्यात विरघळायचा. आता प्रश्न एकच होता, हवेचा आकडा येणार कुठून?

जूनमध्ये मी एक पेडल घेऊन गावी आलो. उजव्या पायाखाली. दाबलं की आवाज मोठा, सोडलं की लहान. बाबांनी दोन मिनिटं वाजवलं.

"ह्यो भातो न्हय. ह्यो ॲक्सिलेटर."

एसटीतला माणूस. पण अगदी बरोबर होतं. ॲक्सिलरेटर जिथे धराल तिथे राहतो. भाता राहत नाही. भात्यात आत्ता किती हवा आहे ते मघाशी किती मारली आणि मधे किती वाजवलं यावर ठरतं.

त्या रात्री मी लिहायला बसलो. रीपरमध्ये जेएसएफएक्स नावाची एक छोटी भाषा येते, तिच्यात आपलं आपण प्लगइन लिहिता येतं. सव्वाशे ओळी झाल्या असतील. पेडल खाली जाईल तितकी हवा टाकीत भरायची. वर येताना काही नाही. दाबलेल्या प्रत्येक पट्टीमागे टाकीतून थोडी हवा सतत काढायची, दोन पट्ट्या दाबल्या तर दुप्पट. काहीच दाबलं नसेल तर थोडी गळती, कारण बाबांची पेटी गळते. टाकीत उरलेला आकडा, ० ते १२७, सॅम्पलरला पाठवत राहायचा. पेटीत दोन भाते आणि एक डावा हात मिळून जे करतात ते एवढंच, असं लिहिताना वाटलं.

सकाळी बाबांनी पाय ठेवला. पहिल्यांदा हवा संपली आणि सूर विझला. मी म्हणणार होतो की गळती कमी करतो. ते हसत होते. त्या मार्गशीर्षानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

"अरे, ही तर पायपेटी!"

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी जत्रेला दशावतार बघायला जायचे. रात्रभर. राजा, राक्षस सगळे समोर, पण ते बसायचे बाजूला, पेटीवाल्याजवळ, त्याचे पाय बघत. पायपेटी. दोन्ही हात वर, पाय खाली चालूच. मोठं झाल्यावर तसली पेटी घ्यायची होती. पैसे जमले तेव्हा हातपेटी स्वस्तात मिळाली, ती घेतली.

गळती मी कमी केली नाही. पुढचे दोन महिने त्यांनी रोज सकाळी पाय शिकवला. मी पुण्यातून फोनवर ऐकायचो. हळूहळू ओळीच्या शेवटी तो खड्डा परत आला. जुन्यासारखा नव्हता. हाताचा झटका आणि पायाचा झटका यात फरक राहतोच. एकदा वाजवता वाजवता थांबले आणि म्हणाले, "ह्या सुरात बांगडी वाजता."

मी म्हटलं, "कुठल्या?" मला माहीत होतं. वरच्या सप्तकातल्या कोमल निषादाच्या भरलेल्या दाबात एक किणकिण राहून गेली होती. कापता आली असती.

"तुझ्या आवशीची," ते म्हणाले आणि पुढे वाजवू लागले.

*

गणपतीत मंडळ आमच्या घरी येतं ते दुसऱ्या रात्री. या वेळी पेटीवर बसणार होता चुलतभाऊ, वर्षभरात तो तयार झाला होता. पण शेवटचा अभंग आणि गजर बुवांनी घ्यायचा असं मंडळींनी परस्पर ठरवलं. माटवीखाली गणपती, समोर पखवाज, आणि खुर्चीत बाबा. समोर स्टुलावर काळा प्लास्टिकचा कीबोर्ड, पायाखाली पेडल. मी भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप. पोरं मोबाइल काढून उभी होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बुवा, ह्यात मशिनीच वाजवता काय सगळा?" बाबा म्हणाले, "पाय बघ."

अभंग झाला. आवाज पूर्वीचा नव्हता, वरच्या जागा कोरसने उचलल्या. पण पेटी चालली होती. गजर सुरू झाला, लय चढली आणि दिवे गेले.

कोकणात गणपतीत दिवे जाणं ही काही बातमी नाही. कोरस थांबला नाही, झांजा थांबल्या नाहीत. समई होतीच. स्पीकर मात्र मेला. मी उठणार तोच स्क्रीनकडे लक्ष गेलं. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवर. सगळं चालू होतं, फक्त बाहेर आवाज पडत नव्हता. आणि मीटर हलत होता.

मी वर पाहिलं. बाबा वाजवत होते. अंधारात, आवाज नसलेल्या पट्ट्यांवर, मान खाली घालून. पाय चालू.

मी हेडफोन खोचला आणि कानाला लावला. एका कानात घरातला गजर, दुसऱ्यात पेटी. तीन-चार मिनिटं त्या घरात ती पेटी फक्त मला ऐकू येत होती. ते कोरसच्या मधल्या जागा भरत होते, ओळीच्या शेवटी हवा सोडत होते, समेवर झटका देत होते. कुणीही ऐकत नसताना. मला वाटतं, आपल्यालाही काही ऐकू येत नाही हे त्यांच्या ध्यानात नसावं. किंवा असेल आणि फरक पडत नसेल. मी नंतर विचारलं नाही.

दिवे आले तेव्हा स्पीकर टक् करून जागा झाला आणि पेटी मधल्याच ओळीत, जिथे असायला हवी तिथे, निघाली. मोबाइल धरलेलं एक पोर ओरडलं. बाकी मंडळींनी एवढंच केलं की लय आणखी वाढवली.

भजन संपल्यावर चहा झाला, उसळ झाली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेडलवर पाय ठेवून पाहिला आणि काहीच वाजलं नाही म्हणून मशिनीला नावं ठेवली. पट्टी दाबावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

रात्री सगळे गेल्यावर मी पाहिलं तर रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. बाबांनी बोटांनी आणि पायांनी पाठवलेले सगळे आकडे, उजेडातले आणि अंधारातले, एका रांगेत. फाइल सेव्ह केली. नावात 'फायनल' लिहिलं नाही. त्यात करण्यासारखं माझ्यासाठी काही उरलं नव्हतं.

खरी पेटी कोपऱ्यातच आहे, पण लुगडं काढलंय. रोज सकाळी व्यायाम म्हणून बाबा डाव्या हाताने भाता ओढतात. वीस वेळा. वीस झाल्यावर आई त्यांच्यासाठी सा ची पट्टी दाबते. कधी वाजतो, कधी नुसती हवा जाते.

गेल्या रविवारी फोन आला. लॅपटॉप ते आता स्वतः उघडतात. म्हणाले, वरचा सा कधीकधी अडकतो, बोट उचललं तरी वाजत राहतो. मी म्हटलं, माझ्या कोडमधली चूक असणार, शनिवारी बघतो. मग आठवलं की खऱ्या पेटीतही नेमका तोच सा पावसाळ्यात अडकायचा, लाकूड फुगलं की.

तसं म्हणालो तर बाबा म्हणाले, "रवांदे मगे. पावसात अडकताच तो."

चूक मी नोंदवून ठेवली आहे. अजून दुरुस्त केलेली नाही.